उकळत्या ढिगातला जावई

आमच्या लॅबमध्ये एक डबा आहे, त्यात नुसती टोपणं आहेत. प्लॅस्टिकच्या नळ्यांची छोटी छोटी, निळी, लाल, पांढरी टोपणं. त्यांच्या नळ्या कधीच फुटल्या, हरवल्या. पण टोपण फेकायचा धीर कुणाला होत नाही. न जाणो, उद्या एखादी उघडी नळी सापडायची! किश्शांचंही तसंच होतं. प्रयोग नोंदवहीत जातो, निकाल पेपरात जातो, आणि जे कुठेच बसत नाही ते या डब्यात पडत राहतं. बारा वर्षांत डबा गच्च भरलाय, म्हणून आज थोडा रिकामा करते.

आधी माणसं सांगते. चारच आहेत. एक मी, सुरेखा. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात टेक्निकल असिस्टंट. दुसऱ्या आमच्या मॅडम, लॅबच्या प्रमुख. त्यांचे वडील गिरणीत बॉयलरवर होते आणि दर तासाला तापमान रजिस्टरात लिहायचे. ते रजिस्टर मॅडमच्या रक्तात उतरलंय. 'जे केलं ते लिहायचं आणि जे लिहिलं ते केलेलं असायचं,' हे वाक्य त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलंय की झोपेतही म्हणून दाखवू. तिसरा अंबादास, पीएच.डी.चा विद्यार्थी. घरी टॉवेलचे माग, घरात तेलुगू, लॅबमध्ये मराठी, आणि प्रयोग फसला की पुन्हा तेलुगू. चौथे दत्तामामा, आमचे लॅब अटेंडंट. गाव वळसंग. मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरतात आणि तिथूनच परत येतात. मामांना सगळे मामाच म्हणतात, प्राचार्यसुद्धा.

* * *

मला नोकरी लागली तेव्हा आमच्या गावी, केमला, माझ्या चुलतीने विचारलं, तू तिथे करतेस काय? म्हटलं, जंतू पाळते. ती म्हणाली, शिकल्यालं लोक जंतू मारत्यात, आन तू पाळतीस व्हय?

मग मी मांडी ठोकून समजावून सांगायला बसले. काही जंतू अशा जागी राहतात जिथे दुसरं कुणी टिकत नाही. उकळत्या पाण्याचे झरे, मिठागरं, असल्या जागी. त्यांच्या अंगातली एन्झाइम, म्हणजे एखादं काम झटपट उरकून देणारी द्रव्यं, कडकडीत पाण्यातही बिघडत नाहीत. कारखान्यांना नेमकं तेच हवं असतं. पण हे जंतू लॅबमध्ये भरपूर वाढवायचे म्हणजे महाकटकट. म्हणून त्यांच्यातला तेवढाच एक जीन काढायचा आणि ई. कोलाय नावाच्या साध्यासुध्या, भराभर वाढणाऱ्या जंतूत घालायचा. मग तो बिचारा दुसऱ्याचं एन्झाइम आपलंच समजून बनवत बसतो.

चुलतीच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना. तेव्हा म्हटलं, काकू, कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवतो ना आपण, तसं.

हे मात्र तिला लगेच कळलं. थोडा वेळ गवार मोडत राहिली. मग मान वर करून म्हणाली, "मग पिल्लू कुणाचं म्हणायचं?"

मी हे मॅडमना सांगितलं. त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या आणि म्हणाल्या, पेटंटचे वकील वर्षानुवर्षं याच एका प्रश्नावर भांडतायत.

* * *

अंबादासला असा जंतू हवा होता, ज्याचं एन्झाइम गरम पाण्यात स्टार्च तोडेल. कारण घरचंच. माग चालताना सूत तुटू नये म्हणून त्याला स्टार्चची खळ लावतात, आणि टॉवेल विणून झाला की तीच खळ धुऊन काढावी लागते. ती निघाली नाही तर टॉवेल पाणी टिपत नाही, नुसता अंगावरून फिरतो.

असा जंतू शोधायला आम्ही माढ्याच्या बाजूला एका साखर कारखान्यावर गेलो. उसाचा रस गाळून जो काळा गाळ उरतो त्याला प्रेसमड म्हणतात. कारखान्यामागे त्याचा डोंगर असतो आणि तो आतून आपोआप तापतो. सकाळी त्यातून वाफा निघताना दिसतात. गेटवरच्या वॉचमनने अडवलं. अंबादासने अभिमानाने सांगितलं, आम्ही जंतू शोधायला आलोय. वॉचमनचा चेहराच बदलला. त्याचं म्हणणं, आमचा कारखाना स्वच्छ हाय, हितं जंतू न्हाईत, पाहिजे तर शेजारच्या तालुक्यात बघा. शेवटी मामांनी त्याला बाजूला नेऊन तंबाखू दिली आणि आम्ही खत बघायला आलोय असं सांगितलं. गेट उघडलं.

ढिगात थर्मामीटर खुपसला तर तो आकडाच दाखवेना. सेल गेलेला. मॅडमनी बजावून पाठवलं होतं, आतलं तापमान लिहून आणल्याशिवाय नमुना आणू नका. अंबादास डोक्याला हात लावून बसला. मामांनी डब्यातून चार कच्ची अंडी काढली. दुपारी कारखान्याच्या कँटीनमध्ये आम्लेट करून घ्यायचा त्यांचा बेत होता. ती अंडी फडक्यात बांधून त्यांनी हातभर खोल पुरली, आणि मग आम्ही दीड तास लिंबाखाली बसून राहिलो.

अंडी काढून फोडली. पांढरं धरलेलं, पण लुसलुशीत. पिवळं आत्ता कुठे घट्ट व्हायला लागलेलं. मामांनी बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाले, पासष्टच्या आसपास हाय, लिवा. एवढं सांगून ती अंडी आम्हाला भाकरीबरोबर खायला दिली आणि त्याच खड्ड्यातला गाळ पिशवी भरून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी नोंदवही उघडली. तापमान: अंदाजे पासष्ट. त्यांनी विचारलं, उपकरण कोणतं वापरलं? अंबादास खाली बघत म्हणाला, "अंडं."

मॅडमनी थर्मामीटरमध्ये नवा सेल घालून त्याला पुन्हा माढ्याला पाठवलं. थर्मामीटर सहासष्ट म्हणाला. आम्हाला वाटलं, आता अंड्याची ओळ खोडायला लावतील. त्यांनी दोन्ही आकडे ठेवायला लावले. उपकरणाच्या रकान्यात आजही लिहिलेलं आहे, 'कोंबडीचं अंडं, नग चार'.

* * *

लॅबच्या मागच्या दाराशी एक कढीपत्त्याची कुंडी आहे. ती मामांची. कित्येक वर्षं त्या झाडाची नुसती काडी होती. मागे सावलीचं नाव नाही, वरून पत्र्याची झळ, आणि सोलापूरचं ऊन काय असतं ते मी काय सांगायचं. आम्ही मामांना म्हणायचो, सोडा आता त्याचा नाद. ते म्हणायचे, इल्ला, येईल की.

आणि एका वर्षी ते झाड असं फोफावलं की विचारू नका. अख्खा विभाग फोडणीला त्याचाच पाला न्यायला लागला. मॅडम तर दर शुक्रवारी न चुकता दोन डहाळ्या पर्समध्ये टाकायच्या. वनस्पतिशास्त्राचे सर एकदा मुद्दाम येऊन, पानं उलटीसुलटी करून बघून गेले. त्यांनी विचारलं, मामा, याला घालता तरी काय?

मामा म्हणाले, "माया करतो."

सरांना काही ते पटलं नाही. पण दुसरं उत्तर त्यांना मिळालं नाही.

* * *

माढ्याच्या ढिगातून अंबादासला हवा तो जंतू मिळाला. जीन काढला, ई. कोलायमध्ये घातला, सगळं यथासांग झालं. आणि मग नखरे सुरू झाले. ई. कोलायला नेहमीच्या उबेत ठेवलं की तो घाईघाईने एन्झाइम बनवतो आणि त्याच्या पोटात त्याचा निरुपयोगी गोळा होतो. थंडीत ठेवलं तर सावकाश, नीट घडी घालून बनवतो. म्हणजे तापमान हवं अठरा. महिना एप्रिल, गाव सोलापूर, आणि फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या आमच्या शेकरची कूलिंग बंद!

अंबादास सकाळी सायकलला गोणपाट बांधून बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायचा. मामा ती फोडून शेकरभोवती रचायचे आणि वरून स्वतःच्या घरची सोलापुरी चादर पांघरायचे. आम्ही तिघं घामाने निथळतोय, पंखा गरम हवा फेकतोय, आणि फ्लास्क मात्र चादर घेऊन गारव्यात डुलतायत. मॅडम दारात उभ्या राहून बघत होत्या.

मामा चादरीचं टोक खोचत म्हणाले, "उकळत्या ढिगात सुखानं ऱ्हात हुता. हितं आला आन जावई झाला."

तेव्हापासून ढिगातल्या त्या जंतूला आम्ही सगळे जावईच म्हणतो. नोंदवहीत अर्थातच नाही. तिथे त्याचा नंबर आहे.

* * *

याच जावयाने अंबादासला एकदा रडवलं. ई. कोलाय फोडून त्याचा रस काढला होता. आता त्यातून आपलं एन्झाइम वेगळं करायचं. एन्झाइम उष्णता सोसतं का ते बघायला अंबादासने रसाची नळी सत्तर डिग्रीच्या गरम पाण्यात दोन मिनिटांसाठी ठेवली आणि तेवढ्यात घरून फोन आला. मुलगी बघायला हैदराबादला जायचं होतं, शर्ट कुठला घालायचा यावर आईशी वाद झाला. वीस मिनिटांनी परत येतो तर नळीत दुधासारखं सगळं नासलेलं. पांढऱ्या गुठळ्या. दीड महिन्याचं काम. पठ्ठ्या कोपऱ्यात जाऊन तेलुगूत काहीतरी बोलायला लागला.

मॅडमनी नळी घेतली, मशीनमध्ये गरागरा फिरवली. गुठळ्या तळाला बसल्या, वर स्वच्छ पाणी. त्या पाण्याचा थेंब त्यांनी स्टार्चवर टाकला आणि आयोडीन घातलं. स्टार्च उरलं असतं तर ते निळं झालं असतं, पण निळं काही दिसेना. आपलं एन्झाइम ढिगातलं, ते उष्णतेला दाद देत नाही. नासली ती ई. कोलायची बाकीची सगळी खोगीरभरती. मॅडम म्हणाल्या, शुद्धीकरणाची पद्धतच ही आहे, पुढच्या आठवड्यात तुला शिकवणार होते.

मामा नळीकडे बघत राहिले. पनीर फेकायचं आणि पाणी ठेवायचं, हे त्यांना आजतागायत पटलेलं नाही.

* * *

अंबादासचे वडील फार बोलत नाहीत. मुलगा मागावर न बसता बाटल्यांशी खेळतो हे त्यांना मनातून आवडलेलं नव्हतं. लॅबमध्ये ते कधी आले नव्हते. एन्झाइम तयार झालं तेव्हा त्यांच्याच मागावरचे खळीचे टॉवेल अंबादासने मागितले आणि त्यांना म्हणाला, नाना, तुम्हीच येऊन बघा.

नाना आले. पांढरा सदरा, हात मागे. अंबादासने टॉवेल गरम पाण्यात एन्झाइम घालून बुडवले, काढले, आयोडीनचा थेंब टाकून दाखवला. बघा, निळं होत नाही, म्हणजे खळ गेली. नानांनी ते ऐकून घेतलं. मग टॉवेल पंख्याखाली वाळू दिला, बोट पाण्यात बुडवलं आणि एक थेंब त्यावर सोडला. थेंब पडला आणि दिसेनासा झाला. दुसरा सोडला. तोही गेला. मग दुसऱ्या टोकाला सोडला, काठाला सोडला, शिवणीला सोडला. आम्ही सगळे त्या थेंबांकडे बघत होतो.

नानांनी त्या टॉवेलने शांतपणे तोंड पुसलं, मान पुसली, खांद्यावर टाकला आणि निघाले. दारात थांबून मला विचारलं, पोरगा वेळेवर जेवतो ना?

तो टॉवेल त्यांनी परत दिलाच नाही. मॅडमनी नोंद करायला लावली. नमुना क्रमांक तीनपुढे लिहिलंय, 'वडिलांकडे'. अंबादासने ते पान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलंय. मला तो फोटो फार आवडतो.

* * *

आता शेवटचा. हा सांगायचा की नाही यावर मी बराच विचार केला, कारण यात माझाही हात आहे.

अंबादासचा पेपर एका चांगल्या मासिकाने स्वीकारला, पण एक अट घातली. मूळ जंतू, म्हणजे ढिगातला जावई, जिवंत अवस्थेत बँकेत जमा करायचा. बँक म्हणजे जिवंत जंतू जतन करणारी संस्था. ती जंतू तपासून घेते आणि नंबर देते. नंबर नाही तर पेपर नाही, पेपर नाही तर प्रबंध नाही, आणि अंबादासची प्रबंधाची मुदत सप्टेंबरला संपत होती. वाढवून आधीच दोनदा घेतलेली. मॅडमनी त्याला तीनदा सांगितलं होतं, जंतू पाठव. तो म्हणायचा, फॉर्म एकदा नीट भरतो आणि पाठवतो. फॉर्म चार महिने नीट भरणं चालू होतं.

एप्रिलमध्ये आम्ही जुना फ्रीझर साफ करायला काढला. आत हातभर बर्फ साचला होता. आतले डबे तेवढ्यापुरते बर्फात ठेवायला अंबादासने टब मागितला. आमच्याकडे दोन टब आहेत. निळा कामाचा. लाल टाकाऊ मालाचा. लाल टबात जे पडेल ते मामा उचलतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये घालतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे आमचा मोठा कुकर, एकशे एकवीस डिग्री, त्यातून काहीच जिवंत सुटत नाही. मामा कधी विचारत नाहीत, त्यांनी विचारू नये असाच नियम आहे. निळा टब भिजत होता. लाल जवळ होता, धुतलेला. पाच मिनिटांचा तर प्रश्न होता. तो टब अंबादासकडे मीच सरकवून दिला.

पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. आम्ही फ्रीझर पुसतोय तोवर मामांनी आपलं काम चोख केलं. कुकरची वाफ सुटल्याचा आवाज आला आणि अंबादासने मागे वळून पाहिलं. लाल टबाची जागा रिकामी होती.

ई. कोलायच्या नळ्या दुसऱ्या फ्रीझरमध्ये होत्या, त्या वाचल्या. म्हणजे कोंबडी होती, बदक गेलं. जावयाच्या झाडून सगळ्या नळ्या त्या एका डब्यात होत्या.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. खुर्चीत बसल्या आणि अंबादासला म्हणाल्या, "घरचं विरजण संपलं तर शेजारणीकडे मागता येतं. याची शेजारीण कुठंय?"

मामा दाराशी उभे होते. त्यांनी ते ऐकलं. दुपारी डबा उघडला नाही. मी जवळ जाऊन बसले तर म्हणाले, "म्याच त्याला ढिगातनं काढला हुता बाई. आन म्याच शिजवला."

मी तेव्हाही टबाचं बोलले नाही.

अंबादास माढ्याला गेला. जुना ढीग शेतात पसरून वर्ष उलटलं होतं. नव्या ढिगातून आणलेल्या जंतूंमध्ये जावयाचा जीन एकातही नव्हता. पुन्हा गेला, पुन्हा तेच. आता तो तेलुगूतही बोलेनासा झाला होता. मे उजाडला.

एका सकाळी मामा मॅडमच्या केबिनमध्ये आले. मी आणि अंबादास तिथेच होतो. त्यांच्या काखेत टाकाऊ मालाचं रजिस्टर होतं. जुलैमध्ये ते निवृत्त होणार होते आणि तेहतीस वर्षांत त्यांच्या सर्व्हिस बुकात एक वाकडा शेरा नव्हता, हे ते येईल त्याला सांगायचे. त्यांनी रजिस्टर उघडून दोन वर्षांपूर्वीच्या एका ओळीवर बोट ठेवलं. 'माढा, उरलेला नमुना, पाच किलो. ऑटोक्लेव्ह करून नष्ट केला.' खाली मामांची सही.

"हे खोटं हाय, म्याडम," मामा म्हणाले. "शेजारीण हाय."

आम्हाला कुणालाच काही कळेना. मग मामांनी सांगितलं. इतकं काळंभोर, कसदार खत कुकरमध्ये घालायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी ते घातलं कढीपत्त्याच्या कुंडीत.

मॅडम त्या ओळीकडे बघत राहिल्या. ज्या बाईने अंड्याची ओळ खोडू दिली नाही, तिच्यासमोर दोन वर्षं खोटी ओळ पडून होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, मॅडम, लाल टब मी दिला होता. म्हटलं आणि रडायलाच आलं.

मॅडमनी आधी माझ्याकडे, मग मामांकडे बघितलं. पेन काढलं. खोट्या ओळीवर एक सरळ रेघ मारली, बाजूला लिहिलं, 'दुरुस्ती: कढीपत्त्याच्या कुंडीत घातला', आणि मामांना सही करायला लावली. खाली त्या दिवसाची तारीख टाकली. मग रजिस्टर मिटून म्हणाल्या, "चमचा आणा."

ढिगातले हे जंतू परिस्थिती बिघडली की स्वतःभोवती कवच करून बसतात आणि मातीत वर्षानुवर्षं वाट बघतात. आम्ही कुंडीतली माती पाण्यात कालवली, कडक तापवली, म्हणजे बाकीचे मरावेत, आणि प्लेटवर पसरून पासष्टला ठेवली. दुसऱ्या दिवशी ठिपके आले. अंबादासने एकेक उचलून त्यातला जीन आपल्या जुन्या जीनशी ताडून बघायला घेतला. पहिला नाही. दहावा नाही. तिसावा नाही. मामा रोज सकाळी येऊन नुसते दारात उभे राहायचे.

एक्केचाळिसावा जुळला. अक्षर न् अक्षर. अंबादासने जीनच्या अक्षरांचा लांबलचक कागद मामांपुढे टेबलावर पसरला. मामांना त्यातलं काही वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, तोच हाय? अंबादासने मान डोलावली. मामा उठले, मागच्या दारी गेले आणि झाडाला तांब्याभर पाणी घालून आले.

मग त्याच दिवशी, एका बैठकीत, बँकेचा फॉर्म भरला. मॅडम सांगत होत्या, अंबादास लिहीत होता. 'नमुना कुठून घेतला' या रकान्यापाशी तो थांबला. म्हणाला, मॅडम, माढ्याचा ढीग लिहितो, मुळात तिथलाच आहे. मॅडम म्हणाल्या, तिथून आणलेला मेला, हा कुठून आणला? अंबादासने मुकाट्याने लिहिलं, 'कढीपत्त्याची कुंडी, प्रयोगशाळेचे मागचे दार, सोलापूर'. नमुना घेतल्याची तारीख, मे महिन्यातली. नमुना राखणाऱ्याचं नाव, दत्तामामांचं, पूर्ण.

जंतू गेला. आठवड्याने बँकेची ईमेल आली. जंतू जिवंत पोहोचला होता, तपासणीत चोख निघाला होता, पण नंबर अडवून ठेवला होता. त्यांनी लिहिलं होतं, आपल्या फॉर्ममध्ये 'अतितीव्र वातावरणातील जंतू' असा उल्लेख आहे आणि जागा म्हणून एका कुंडीची नोंद आहे. कुंडी हे अतितीव्र वातावरण कसे, याचा खुलासा करावा. खुलासा आल्यावर पुढील कार्यवाही होईल.

अंबादास पांढरा पडला. म्हणाला, तरी मी म्हणत होतो ढीग लिहू. दुपारभर बसून त्याने दोन पानी खुलासा लिहिला. त्यात ढीग होता, अंडी होती, लाल टब होता, मामांचं तेहतीस वर्षांचं सर्व्हिस बुक होतं. मॅडमनी ती दोन पानं शेवटपर्यंत वाचली. मग सगळं पुसलं आणि स्वतः दोन वाक्यं टाइप केली.

'कुंडी सोलापुरात आहे. नमुना मे महिन्यात घेतला.'

चौथ्या दिवशी नंबर आला.